बेकार गेले कुठे?

अमेरिकेत दर महिन्याला सुमारे 60 हजार घरांमध्ये सरकारी सर्वेक्षक विचारपूस करतात. महिन्याची 12 तारीख ज्या आठवड्यात येते, त्या आठवड्याबद्दल हे प्रश्न असतात. पैसे मिळतील असं काही काम केलंत का? एक तास केलं असलं तरी तो माणूस कामावर आहे असं धरतात. केलं नसेल तर पुढचा प्रश्न : गेल्या चार आठवड्यांत काम शोधलंत का? शोधलं म्हणजे कुठे अर्ज टाकला, कुणाला जाऊन भेटलात, फोन केलात. नुसत्या जाहिराती चाळल्या असतील तर ते शोधण्यात जमा होत नाही. या प्रश्नाला 'हो' म्हणणारा बेकार. 'नाही' म्हणणारा मात्र बेकार नाही, तो श्रमशक्तीच्या बाहेरचा. शोधून शोधून थकलेला पंचेचाळिशीतला फिटर, निवृत्त आजोबा आणि कॉलेजात शिकणारी मुलगी, सगळे एकाच खान्यात. बेकारीचा दर काढताना जो भागाकार करतात, त्यात हा खाना वरही नसतो आणि खालीही नसतो.

हे तपशील कंटाळवाणे आहेत, पण ते डोक्यात नसतील तर 2008 च्या मंदीनंतरच्या मिशिगनची गोष्ट उलटी वाचली जाते. 2009 च्या मध्याला या राज्यात बेकारीचा दर सुमारे 14 टक्के होता. संपूर्ण अमेरिकेचा दर त्या मंदीत चढून चढून 10 टक्क्यांपर्यंत गेला होता. 2015 संपताना मिशिगनचा दर 5 टक्क्यांच्या आसपास आला. निवडणुकीच्या भाषणात हे दोन आकडे शेजारी ठेवले की राज्य सावरलं, असं कुणालाही वाटेल.

आता कागदावर हिशोब मांडून पाहा. शंभर माणसं श्रमशक्तीत आहेत, 86 कामावर आणि 14 बेकार. म्हणजे दर 14 टक्के. या चौदातले नऊ जण कुठेतरी गेले. कुणी दुसऱ्या राज्यात, कुणी काम शोधणं सोडून घरी. उरले 91. कामावर अजूनही 86 च, एकही नवी नोकरी नाही. बेकार पाच. दर झाला साडेपाच टक्के. मिशिगनमध्ये अगदी असंच झालं असं मी म्हणत नाही. नोकऱ्याही परत आल्या, त्यांच्याकडे पुढे येऊच. पण दर उतरायला नोकरी यावीच लागते असं नाही, माणूस गेला तरी भागतं.

मिशिगनची मंदी मुळात 2008 साली सुरू झालीच नव्हती. 2000 साली राज्यात पगारपत्रकावरच्या नोकऱ्या सरासरी 46 लाख 70 हजार होत्या. तिथून घसरण लागली ती दहा वर्षं थांबली नाही. बाकीची अमेरिका 2003 ते 2007 या काळात घरांच्या तेजीत न्हाऊन निघत होती, तेव्हा मिशिगन एकटंच उतरणीला लागलं होतं. 'एका राज्याची मंदी' असं तेव्हा तिथली मंडळी म्हणायची. जपानी आणि कोरियन गाड्यांनी डेट्रॉइटच्या तीन कंपन्यांचा, म्हणजे जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायसलरचा बाजार खाल्ला होता. परदेशी कंपन्यांनी अमेरिकेत कारखाने टाकले तेही केंटकी, टेनेसी, अलाबामा अशा दक्षिणेकडच्या राज्यांत, जिथे युनियनचा जोर नव्हता. डेट्रॉइटचा नफा यायचा तो पेट्रोल पिणाऱ्या अवजड गाड्यांवर. 2006 मध्ये जनरल मोटर्सच्या सुमारे 35 हजार कामगारांनी आपल्याकडच्या व्हीआरएससारखी रक्कम घेऊन कंपनी सोडली. त्याच वर्षाच्या अखेरीस फोर्डने 23 अब्ज डॉलरहून अधिक कर्ज उभं केलं. तारण म्हणून कारखाने तर ठेवलेच, शिवाय गाडीच्या नाकावरचं ते निळं लंबगोल बोधचिन्हही गहाण टाकलं. घरातलं मंगळसूत्र सावकाराकडे जावं तसाच हा प्रकार होता. पण त्या पैशावरच फोर्ड पुढची दोन वर्षं तगली आणि दिवाळखोरीतून वाचली.

मग 2008 आलं. उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरवर गेलं, सप्टेंबरात लीमन ब्रदर्स ही बडी गुंतवणूक बँक बुडाली आणि गाड्यांसाठी मिळणारं कर्जच आटलं. 2005 मध्ये अमेरिकेत वर्षाला 1 कोटी 70 लाखांच्या आसपास गाड्या खपत होत्या. 2009 मध्ये 1 कोटी 4 लाख. 30 एप्रिल 2009 ला क्रायसलरने आणि 1 जूनला जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. केंद्र सरकारने सगळं मिळून 80 अब्ज डॉलर ओतले, जनरल मोटर्स चाळीस दिवसांत न्यायालयातून बाहेर आली आणि काही काळ तिची बहुतांश मालकी अमेरिकन सरकारकडे होती. शेवटी हिशोब लागला तेव्हा करदात्यांच्या पदरचे नऊ-दहा अब्ज गेले होते. हे पैसे घातले नसते तर सुटे भाग बनवणारे शेकडो पुरवठादार एकमेकांना घेऊन बुडाले असते, हे मला पटतं. एक सीट बनवणारा बंद पडला की फोर्डचीही लाइन थांबते. म्हणूनच दिवाळखोरीत नसलेल्या फोर्डनेसुद्धा आपल्या स्पर्धकांना मदत द्या, असं संसदेत जाऊन सांगितलं होतं.

2010 मध्ये राज्यात नोकऱ्या उरल्या सरासरी 38 लाख 60 हजार. दहा वर्षांत आठ लाख गेल्या.

इथे राज्य आणि देश यांतला फरक पुढे येतो. देश नोटा छापू शकतो, तूट सोसू शकतो. मिशिगनच्या राज्यघटनेनुसार अर्थसंकल्पाची दोन्ही टोकं जुळावीच लागतात. म्हणजे लोकांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांचा आयकर आणि विक्रीकर आटला, की नेमकं त्याच वर्षी सरकारलाही हात आखडता घ्यावा लागतो. 2009 च्या शरद ऋतूत राज्याने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दिलेली चार हजार डॉलरची शिष्यवृत्ती रद्द केली. वर्ष सुरू झालं होतं, मुलं वर्गात बसली होती, आणि 96 हजारांच्या आसपास मुलांना पैसे येणार नाहीत असं कळलं. त्या शिष्यवृत्तीचं नाव 'मिशिगन प्रॉमिस' होतं.

रस्त्यांचं तर नवलच. राज्यातल्या 83 पैकी किमान 38 काउंटींनी, म्हणजे जिल्ह्यांनी, काही डांबरी रस्ते उखडून पुन्हा खडीचे केले. डांबर टाकून राखायला पैसे नाहीत आणि खड्डेवाल्या डांबरापेक्षा दाबलेली खडी परवडते, असा सरळ हिशोब. आपल्याकडे गावाला डांबर आलं की ती प्रगती. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात, ज्या राज्याने जगाला मोटारगाडी परवडेल अशी करून दिली, त्याच राज्यात मशिन लावून डांबराचा भुगा होत होता.

पण मला जास्त बोलायचं आहे ते बेकार भत्त्याबद्दल. कारण मंदी संपल्यावर तिची वसुली कुणाकडून होते, ते तिथे फार स्वच्छ दिसतं.

अमेरिकेत बेकार भत्ता राज्याच्या निधीतून मिळतो. मालक प्रत्येक कामगारामागे त्यात कर भरतात, चांगल्या दिवसांत निधी साठतो आणि वाईट दिवसांत रिकामा होतो, अशी कल्पना आहे. मिशिगनमध्ये चांगले दिवस आलेच नव्हते. निधी संपला, राज्याने केंद्राकडून उसनवारी केली आणि 2011 च्या सुरुवातीला ही उधारी जवळपास चार अब्ज डॉलर झाली. भत्त्याची कमाल रक्कम आठवड्याला 362 डॉलर होती. 2002 मध्ये ठरलेला हा आकडा पुढे वीस वर्षांहून जास्त काळ जागचा हलला नाही. महागाई वाढत राहिली, 362 तेच.

मार्च 2011 मध्ये नवे गव्हर्नर रिक स्नायडर यांनी एका कायद्यावर सही केली. अमेरिकेतल्या राज्यांमध्ये निदान 26 आठवडे भत्ता देण्याची पद्धत अनेक दशकं चालत आलेली होती. मिशिगनने ती मोडली आणि 2012 पासून नव्या अर्जदारांना 20 आठवडेच द्यायचं ठरवलं. गंमत अशी की त्याच कायद्याने केंद्राच्या पैशातून मिळणारी मुदतवाढ चालू ठेवली होती. त्यामुळे ज्यांचा भत्ता तेव्हा संपत आला होता त्यांना दिलासा मिळाला, आणि ज्यांची नोकरी अजून जायची होती त्यांचे सहा आठवडे कापले गेले. ज्याला आपली नोकरी जाणार हे अजून माहीतच नाही, तो मोर्चा कशाला काढेल? पाहता पाहता फ्लोरिडा, नॉर्थ कॅरोलायना, मिसुरी अशी इतर राज्यंही त्याच वाटेने गेली.

त्यानंतर आली ती मिडास नावाची संगणक प्रणाली. ऑक्टोबर 2013 मध्ये भत्ता खात्याने ती चालू केली. भत्त्यातली लबाडी शोधणं हे तिचं एक काम. ती कशी शोधायची ते एका उदाहरणाने पाहू. समजा एक बाई जानेवारी आणि फेब्रुवारीत एका कारखान्यात होती आणि मार्चच्या पहिल्या तारखेला तिला काढलं. मार्चभर तिने रीतसर भत्ता घेतला. मालक सरकारला पगार कळवतो तो तिमाहीचा एकत्र. मिडास तो तिमाहीचा पगार तेरा आठवड्यांत सारखा वाटून टाकायची. झालं, मार्चच्या प्रत्येक आठवड्यात या बाईंची कमाई दिसू लागली आणि त्याच आठवड्यात भत्ताही दिसला. म्हणजे लबाडी. मग प्रणाली तिला एक प्रश्नावली पाठवायची, तीही भत्त्याच्या ऑनलाइन खात्यात. भत्ता कधीच संपलेला, बाई दुसरीकडे कामाला लागलेली, ते खातं उघडून बघणार कोण? दहा दिवसांत उत्तर आलं नाही की गुन्हा कबूल. घेतलेली रक्कम परत, वर चौपट दंड, शिवाय व्याज. पैसे भरले नाहीत तर आयकराचा परतावा जप्त आणि नव्या नोकरीच्या पगारातून कापणी.

ऑगस्ट 2015 पर्यंत जवळपास 40 हजार लोकांवर असे लबाडीचे शिक्के बसले. पुढे न्यायालयात आणि विधिमंडळात गवगवा झाल्यावर खात्याने माणसं बसवून केवळ संगणकाने निकाली काढलेल्या 22 हजारांहून अधिक प्रकरणांची फेरतपासणी केली. त्यातली 93 टक्के चुकीची निघाली. मधल्या काळात काहींनी घर गमावलं, काहींनी दिवाळखोरी जाहीर केली. पीडितांनी लढवलेला बॉसरमन खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत दोनदा जाऊन 2022 मध्ये दोन कोटी डॉलरवर मिटला. डोक्यामागे वाटणी केली तर हाताला काय लागलं असेल याचा अंदाज वाचकांनी करावा.

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे. ज्यांचा भत्ता संपला आणि काम मिळालं नाही, ते गेले कुठे?

1992 मध्ये ओलिव्हिए ब्लाँशार आणि लॉरेन्स कॅट्झ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या राज्यांचा चाळीसएक वर्षांचा इतिहास तपासला होता. एखाद्या राज्याच्या रोजगाराला मोठा फटका बसला की काय होतं, हा त्यांचा प्रश्न. पुस्तकी अर्थशास्त्र सांगतं, पगार उतरतील, स्वस्त मजुरीच्या ओढीने नवे उद्योग येतील आणि गाडी रुळावर येईल. त्यांना दिसलं ते वेगळंच. बेकारीचा दर सहा-सात वर्षांत पूर्वपदावर येतो खरा, पण मुख्यतः कामगार राज्य सोडून जातात म्हणून. गेलेल्या नोकऱ्या त्या राज्यात पुन्हा येत नाहीत. मिशिगनने हे पुराव्यानिशी दाखवलं. 2010 च्या जनगणनेत पन्नास राज्यांपैकी या एकट्या राज्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली : 99 लाख 38 हजारांवरून 98 लाख 84 हजार. घट लहान दिसते, पण जन्म-मृत्यूचा फरक राज्याच्या बाजूने असताना ही घट आहे, हे ध्यानात घ्यावं. डेट्रॉइट शहरात 1950 साली साडेअठरा लाख लोक राहायचे, 2010 मध्ये 7 लाख 14 हजार. 2013 च्या जुलैत शहरानेच दिवाळखोरी मागितली, 18 अब्जांच्या देण्यापायी.

जाणं सगळ्यांना जमलं असंही नाही. पदवीधर तरुण शिकागोला, टेक्सासला निघून गेले. पन्नाशीतल्या कामगाराने दीड लाख डॉलरचं कर्ज काढून घेतलेलं घर आता ऐंशी हजारांचंही नव्हतं. विकावं तर वर बँकेलाच पैसे द्यायचे, सोडावं तर आयुष्यभराची पत जाते. तो थांबला, शोधणंही थांबवलं आणि सर्वेक्षकाच्या त्या श्रमशक्तीबाहेरच्या खान्यात गेला. डॅनी यागन या अर्थशास्त्रज्ञाने पुढे करनोंदी पाहून हेच मांडलं : ज्या भागांना 2007 ते 2009 मध्ये जास्त मार बसला, तिथल्या माणसांना 2015 मध्येही काम असण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी होती, बेकारीचे दर एकमेकांजवळ येऊनसुद्धा.

या हिशोबात आपलीही काही माणसं आहेत. ट्रॉय, नोवाई, फार्मिंग्टन हिल्स या डेट्रॉइटच्या उपनगरांत मराठी इंजिनिअरांची मोठी वस्ती आहे. पुण्यात सीओईपीला शिकून तिकडे गाड्यांच्या डिझाइनला लागलेले कितीतरी. एच-वन-बी व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली की त्याला नियमानुसार सवलतीचा एक दिवसही मिळत नसे. 60 दिवसांची मुदत 2017 पासून आली. भत्ता मागण्याची सोय बहुतेकांना नव्हतीच. ज्यांना दुसरा मालक मिळाला नाही ते सामान बांधून परत आले. असा माणूस पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या टेक्निकल सेंटरमध्ये रुजू झाला की मिशिगनचा दर किंचित सुधारायचा.

योगायोग असा की लीमन बुडाली त्याच सप्टेंबर 2008 मध्ये जनरल मोटर्सने तळेगावला नवा कारखाना सुरू केला. 2017 मध्ये कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं, काही काळ निर्यातीपुरत्या बनवल्या आणि डिसेंबर 2020 मध्ये कारखाना थांबला. हजारभर कामगारांच्या नुकसानभरपाईची भांडणं न्यायालयात चालली आणि 2023 मध्ये ह्युंदाईने तो विकत घ्यायचा करार केला. तळेगावच्या कामगाराला आठवड्याचे 362 डॉलर मिळण्याचा प्रश्नच नव्हता. कायद्याने मुख्यतः मिळायची ती सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची नुकसानभरपाई. मिशिगनच्या भत्त्याला कंजूष म्हणताना ही गोष्ट मला बोचते.

आता ज्या नोकऱ्या परत आल्या त्यांच्याबद्दल. डेट्रॉइटच्या तीन कंपन्यांशी झालेल्या 2007 च्या करारात कामगारांच्या युनियनने एक गोष्ट मान्य केली होती : जुन्या कामगाराला तासाला 28 डॉलरच्या आसपास, नव्याला त्याच्या निम्मे. मंदीनंतर भरती सुरू झाली ती या दुसऱ्या पगारावर. डेट्रॉइटच्या उत्तरेला ओरायन इथे जनरल मोटर्सचा कारखाना आहे. छोटी गाडी अमेरिकेत बनवून नफा होत नाही, म्हणून ती मेक्सिको किंवा कोरियात बनायची. ओरायनमध्ये सॉनिक ही छोटी गाडी बनवायची तर 40 टक्के कामगार कमी पगाराचे हवेत, असं 2010 मध्ये ठरलं. इतके नवे कामगार आणणार कुठून? मग ज्येष्ठतेच्या यादीत खाली असलेल्या जुन्यांनाच सांगितलं गेलं : निम्म्यावर या, नाहीतर दुसऱ्या शहरातल्या कारखान्यात जागा निघेल तेव्हा बदली घ्या. लाइनवर शेजारीशेजारी उभे, तीच गाडी, तोच बोल्ट, आणि एकाचा तास दुसऱ्याच्या दोन तासांइतका. रोजगाराच्या तक्त्यात दोघांची नोंद प्रत्येकी 'एक नोकरी' अशीच होते. कामगारांचा हा सल 2023 च्या सप्टेंबरमधल्या संपापर्यंत धुमसत राहिला. तो संप ज्या तीन कारखान्यांतून एकाच वेळी सुरू झाला त्यांतला एक मिशिगनमधल्या वेन इथला फोर्डचा होता, आणि संपानंतरच्या करारांनी पगारांतली बरीचशी दरी बुजवली.

नवे उद्योग आणायचाही खटाटोप झाला. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्या मिशिगनमध्ये बनाव्यात म्हणून केंद्राने पैसा दिला. हॉलंड या गावात एलजी केमला 15 कोटी डॉलरचं अनुदान मिळालं. 2010 च्या जुलैत भूमिपूजनाला खुद्द ओबामा आले. कारखाना उभा राहिला, माणसं घेतली, पण गाड्या अपेक्षेइतक्या खपेनात आणि बॅटऱ्या येत राहिल्या कोरियातून. 2013 च्या सरकारी तपासणीत आढळलं की कामगार पगारी वेळेत पत्ते खेळत होते, सिनेमे पाहत होते. वर्तमानपत्रांनी यथेच्छ टिंगल केली. तोच कारखाना पुढे चालला, आणि 2022 मध्ये कंपनीने तिथे पावणेदोन अब्जांच्या घरातला विस्तार जाहीर केला. सरकारी पैसा वाया गेला की लावलं ते उगवलं, हे कुठल्या वर्षी तपासायला जाता त्यावर ठरतं. दोन वर्षांच्या निवडणुकीच्या चक्रात मात्र ते पत्त्यांचे डावच दिसतात.

2019 मध्ये, म्हणजे कोविडच्या आदल्या वर्षी, मिशिगनचा बेकारीचा दर सुमारे चार टक्के होता. नोकऱ्या होत्या 44 लाखांच्या घरात, 2000 सालच्या आकड्यापेक्षा दोन लाखांहून अधिक कमी. पुढच्याच एप्रिलमध्ये दर वीस टक्क्यांच्या वर उडाला आणि 20 आठवडे पुरणार नाहीत हे पहिल्याच महिन्यात कळून चुकलं. गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी फर्मान काढून तात्पुरते 26 केले. कायद्यातले सहा आठवडे कायमचे परत आले ते एप्रिल 2025 मध्ये. त्याच दिवसापासून 362 चे 446 डॉलर झाले.